फॉर्म्युला वन, मोटोजीपी, इंडीकार : एकाच ट्रॅकवरच्या फेरीच्या वेळा ताडून पाहता येतात का?

कपाशीचं_बोंड

नमस्कार मंडळी. आमचे गाव दारव्हा तालुक्यात आहे. सध्या वेचणीचे दिवस आहेत. संध्याकाळी कापूस मोजून झाला की घरातली पोरे मोबाइलवर शर्यती पाहत बसतात. माझा पुतण्या अकरावीला आहे आणि त्याचे ठाम मत असे, की ट्रॅकवर मोटरसायकलच सर्वांत वेगवान असली पाहिजे. त्याचा आधार साधा आहे. मोटोजीपी या मोटरसायकलींच्या शर्यतीतल्या गाडीचे किमान वजन १५७ किलो असते, आणि २०२३ मध्ये इटलीतल्या मुजेलोच्या सरळ पट्ट्यावर ब्रॅड बाइंडरने ताशी ३६६.१ किलोमीटर वेग गाठला. फॉर्म्युला वनच्या गाड्याही सरळ रस्त्यावर साधारण तेवढ्याच जातात.

मी त्याला म्हटले, की वाद घालण्यापेक्षा एकाच ट्रॅकवरचे आकडे काढू. अमेरिकेत ऑस्टिन येथे ५.५१३ किलोमीटरचा, २० वळणांचा ट्रॅक आहे. २०१९ या एकाच वर्षी तिथे तिन्ही प्रकारच्या शर्यती झाल्या. पात्रता फेरीतल्या सर्वोत्तम वेळा अशा निघाल्या : फॉर्म्युला वनमध्ये वाल्टेरी बोटास १ मिनिट ३२.०२९ सेकंद, इंडीकार या अमेरिकेतल्या मोटारींच्या शर्यतीत विल पॉवर १ मिनिट ४६.०१७ सेकंद, आणि मोटोजीपीमध्ये मार्क मार्केझ २ मिनिटे ३ सेकंदांच्या पुढे. सरासरी वेग काढला तर अनुक्रमे ताशी २१६, १८७ आणि १६० किलोमीटर येतो.

पुतण्या आकडे पाहून गप्प झाला, पण त्याने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मला देता आले नाही. सरळ रस्त्यावर दोन्ही सारख्याच धावतात, तर मधले ३१ सेकंद जातात कुठे? शिवाय इतक्या वेगळ्या गाड्यांची अशी तुलना करणे योग्य आहे का, हेही जाणकारांनी सांगावे.

पाना_पेचकस

भाऊ, प्रश्न फार चांगला विचारला आहे. मी तालुक्याच्या ठिकाणी आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा वर्ग घेतो आणि दर वर्षी कोणीतरी विद्यार्थी हेच विचारतो, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी वजन आणि ताकद पाहू. मोटोजीपीच्या गाडीवर स्वार बसला की एकूण वजन सव्वादोनशे किलोच्या आसपास जाते आणि इंजिन २९० अश्वशक्तीच्या आगेमागे असते. २०१९ च्या फॉर्म्युला वन गाडीचे किमान वजन चालकासह ७४३ किलो होते आणि ताकद सुमारे १,००० अश्वशक्ती. दर किलोमागे हिशेब केला तर दोन्हीकडे १.३ च्या जवळपास अश्वशक्ती पडते. म्हणजे मोटरसायकल हलकी असल्याचा फायदा तिथेच संपतो, आणि सरळ पट्ट्यावर दोघींत फारसा फरक का दिसत नाही तेही कळते.

आता वळण घ्या. शंभर मीटर त्रिज्येचे, काटकोनात वळणारे एक वळण कल्पा. मोटरसायकलच्या टायरला गुरुत्वत्वरणाच्या दीडपट आडवी पकड मिळते असे धरले, तर त्या वळणात तिचा वेग ताशी १३८ किलोमीटरच्या वर जाऊ शकत नाही. फॉर्म्युला वनच्या गाडीला तिथे गुरुत्वत्वरणाच्या चौपट पकड मिळते असे धरले, तर तीच मर्यादा ताशी २२५ किलोमीटरवर जाते. वळणाची लांबी १५७ मीटर भरते. एकीला ४.१ सेकंद लागतात, दुसरीला २.५. एका वळणात दीड सेकंदाहून अधिक फरक पडला आणि अशी वळणे वीस आहेत. सगळी वळणे सारखी नसतात, त्यामुळे थेट गुणाकार करू नये. पण ३१ सेकंद कुठे जातात त्याचा अंदाज यावरून येतो.

राहिलेला हिस्सा ब्रेकमध्ये आहे. मोटरसायकलला जोरात ब्रेक मारला की मागचे चाक उचलते. टायरची पकड संपण्याच्या आधीच गाडी पुढे कोलमडण्याची मर्यादा येते, आणि स्वार कितीही कसलेला असला तरी ती ओलांडता येत नाही. ताशी ३०० वरून १०० वर यायला तिला अडीचशे मीटरच्या वर अंतर लागते. फॉर्म्युला वनची गाडी तेच काम ऐंशी-नव्वद मीटरमध्ये करते. याचा अर्थ असा, की मोटरसायकलस्वार ब्रेक लावून झुंजत असतो तेव्हा गाडीचा चालक अजून दीडशे मीटर पूर्ण वेगात जात असतो.

काळी_माती

सर, ही चौपट पकड येते कुठून? टायर कितीही रुंद केला तरी रबर ते रबरच.

पाना_पेचकस

@काळी_माती, हवेच्या दाबातून. आपण वखर हाणताना जमीन कडक असली की वखरावर दगड ठेवतो किंवा पोराला उभे करतो. वजन पडले की पास मातीत रुतते. टायरचेही तसेच आहे. त्याला जितके खाली दाबाल तितकी तो जास्त पकड देतो. पण दगड ठेवला की तो बैलांना ओढावाही लागतो आणि तासाच्या टोकाला वखराबरोबर वळवावाही लागतो. फॉर्म्युला वनच्या गाडीचे पंख आणि गाडीखालचा तळ वाहत्या हवेच्या जोरावर गाडीला खाली दाबतात; याला डाउनफोर्स म्हणतात. वेग वाढला की हा दाब गाडीच्या स्वतःच्या वजनापेक्षाही जास्त होतो. मात्र वळवायचे वस्तुमान तेवढेच राहते. वखरावर न दिसणारा दगड ठेवावा आणि बैलांना त्याचे ओझे अगदी थोडे लागावे, तसे हे आहे. अगदी फुकट मात्र मिळत नाही, कारण पंखांमुळे हवेचा विरोध वाढतो आणि सरळ पट्ट्यावर वेग थोडा घटतो.

मोटोजीपीच्या गाड्यांनाही अलीकडे छोटे पंख असतात. परंतु वळणात गाडी साठ अंशांच्या पुढे झुकलेली असते, तेव्हा त्या पंखांचा जोर सरळ जमिनीकडे राहत नाही. दोनच चाके असण्याची ही मुळातली अडचण आहे.

काळी_माती

वखराचा दाखला एकदम पटला. घरी वडिलांना वाचून दाखवला, तर त्यांनाही लगेच समजला.

वर्धाकाठ

सरांचे गणित बरोबर आहे, त्याबद्दल वाद नाही. पण धाग्याचा दुसरा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो आणि त्यावर माझे मत वेगळे आहे. या गाड्यांची तुलना करणे मुळातच चुकीचे आहे, कारण फेरीची वेळ आपल्याला गाडीची नव्हे, तर नियमपुस्तिकेची ताकद सांगते.

पोर्शे ९१९ हायब्रिडचे उदाहरण घ्या. ही ल मान्सच्या २४ तासांच्या शर्यतीची गाडी. त्या स्पर्धेतून बाहेर पडल्यावर कंपनीने नियमांची बंधने काढून तिची ‘इव्हो’ आवृत्ती तयार केली. इंधनाची मर्यादा काढली, वजन घटवले, पंख मोठे केले. एप्रिल २०१८ मध्ये या गाडीने बेल्जियममधील स्पा येथे १ मिनिट ४१.७७० सेकंदांची फेरी मारली. त्याआधी २०१७ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये लुईस हॅमिल्टनने तिथे १ मिनिट ४२.५५३ सेकंदांत पोल (पात्रता फेरीतला पहिला क्रमांक) मिळवला होता. २०१८ च्याच जूनमध्ये टिमो बर्नहार्डने ही पोर्शे जर्मनीतल्या न्युरबुर्गरिंगच्या २०.८३२ किलोमीटरच्या जुन्या ट्रॅकवर ५ मिनिटे १९.५४६ सेकंदांत फिरवली. चाके, सांगाडा, इंजिन त्याच घराण्यातले. बदलले ते फक्त नियम. मग ‘फॉर्म्युला वन जगात सर्वांत वेगवान’ या वाक्याला काय अर्थ उरतो?

रानवाट_२१

@वर्धाकाठ दादा, मी अर्धी सहमत आहे. नियम काढले की काय होते याची आणखी उदाहरणे आहेत. १९७८ च्या स्वीडिश ग्रांप्रीमध्ये ब्रॅभमच्या गाडीला मागे मोठा पंखा होता. तो गाडीखालची हवा उपसून तिला जमिनीला चिकटवून ठेवत असे. निकी लाउडा ती शर्यत जिंकला आणि त्यानंतर ती गाडी पुन्हा शर्यतीत दिसली नाही. हीच पंख्याची कल्पना वापरून मॅकमर्ट्रीच्या छोट्या विजेच्या गाडीने २०२२ मध्ये इंग्लंडमधल्या गुडवुडच्या चढावर ३९.०८ सेकंदांचा विक्रम केला. पंख्याचा फायदा असा, की गाडी हळू असतानाही दाब पूर्ण मिळतो.

हे मला जवळून समजले ते आमच्या महाविद्यालयाच्या गाडीमुळे. आम्ही मुलामुलींनी मिळून फॉर्म्युला भारत स्पर्धेसाठी एक आसनी गाडी तयार केली आणि ती घेऊन कोइम्बतूरच्या कारी स्पीडवेवर गेलो. तिथे स्किडपॅड नावाची एक चाचणी असते. आतल्या वर्तुळाचा व्यास १५.२५ मीटर, मार्गाची रुंदी ३ मीटर, आणि इंग्रजी आठच्या आकड्यासारखी गाडी फिरवायची. आमची एका वर्तुळाची वेळ ५.९ सेकंदांच्या आसपास आली. म्हणजे वेग फक्त ताशी ३५ किलोमीटर, आणि आडवी पकड गुरुत्वत्वरणाच्या जेमतेम वर. आम्ही रात्री जागून फायबरचा मागचा पंख बनवला होता. तो लावून आणि काढून, दोन्ही प्रकारे सरावात वेळ घेतली. घड्याळात फरक दिसला नाही. तेव्हा आम्हाला फार वाईट वाटले होते. मार्गदर्शक सरांनी नंतर फळ्यावर दाखवले, की दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी २०० ला जो दाब मिळेल, त्याचा पंचविसावा हिस्सा ताशी ४० ला मिळतो. पंखात दोष नव्हता, त्या वर्तुळात वेगच नव्हता.

म्हणून मला वाटते, की तुलना जरूर करावी, पण पूर्ण फेरीचा एकच आकडा घेऊन थांबू नये. वळणे वेगळी काढावीत. वीस मीटर त्रिज्येच्या हळू वळणात मोटरसायकल ताशी ६२ ने गेली तर फॉर्म्युला वनची गाडी ७० च्या आसपास जाईल. तिथे फरक थोडाच आहे. खरा फरक वेगवान वळणांत पडतो.

पैनगंगा_तीर

ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर फॉर्म्युला वन आणि मोटोजीपी, दोन्ही शर्यती झाल्या आहेत. २०११ मध्ये फॉर्म्युला वनच्या व्हेटेलचा पोल १ मिनिट २४.१७८ सेकंदांचा होता आणि २०२३ मध्ये मोटोजीपीची सर्वोत्तम पात्रता वेळ १ मिनिट ४४ सेकंदांच्या आसपास आली. म्हणजे भारतात फरक फक्त २० सेकंद. ऑस्टिनपेक्षा बराच कमी.

वर्धाकाठ

@पैनगंगा_तीर, हीच गफलत मला दाखवायची होती. फॉर्म्युला वनसाठी तो ट्रॅक ५.१२५ किलोमीटरचा होता. मोटोजीपीसाठी सुरक्षिततेच्या दृष्टीने त्यात बदल केले गेले आणि फेरी पाच किलोमीटरच्या थोडी आत आली. शिवाय मध्ये बारा वर्षे गेली. २०११ ची गाडी आणि आजची गाडी एक नाही. तिथे लांबलचक सरळ पट्टाही आहे आणि तो मोटरसायकलला मानवतो. तीन गोष्टी एकदम बदलल्या, की वजाबाकी करून आलेल्या आकड्याला आधार राहत नाही.

पैनगंगा_तीर

मान्य. ट्रॅकची लांबी पाहायला हवी होती.

संत्रीबाग

मी वरुडकडचा. मोटारींच्या शर्यतींतले मला फार कळत नाही, पण शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, लहानपणापासून पाहत आलो आहे आणि आमच्या घरी पटाची जोडी होती. म्हणून या दुसऱ्या प्रश्नावर दोन शब्द लिहितो.

आपल्याकडच्या पटात जोडी घड्याळावर धावते. छकडा हलका, धुरकरी एकच, आणि अंतर सरळ. त्यात वळण नसते, त्यामुळे तुम्ही ज्या पकडीबद्दल बोलत आहात तिचा प्रश्न बैलांना वळणात येत नाही. तो सुटताना येतो. पहिल्या चार ढांगांत खूर मातीत किती धरला यावर पुढचे सगळे ठरते. माझे आजोबा पटाच्या आदल्या दिवशी संध्याकाळी धावपट्टीवर अनवाणी चालून येत. टाच दाबून माती किती बसते ते पाहत, आणि मगच बैलांच्या नाला तशाच ठेवायच्या की काढायच्या ते ठरवत. सकाळी दव पडले की त्याच पट्टीवर पहिल्या जोडीला आणि उन्हे वर आल्यावर धावणाऱ्या जोडीला सारखी जमीन मिळत नाही. म्हणून कोणती जोडी आधी सोडायची यावर वादही होतात.

एका गावच्या पटात आमच्या जोडीने जी वेळ दिली, ती दुसऱ्या गावी दुसऱ्या जोडीने मोडली असे कोणी सांगितले, तर आजोबा ते कधीच मान्य करत नसत. ते म्हणत, की त्या जोडीला आपल्या पट्टीवर आणा, त्याच दिवशी सोडा, मग बोलू. ऑस्टिनचे तीन आकडे एकाच वर्षाचे, एकाच ट्रॅकचे आहेत हे खरे, पण महिने तर वेगळे असतीलच ना?

कपाशीचं_बोंड

@संत्रीबाग काका, बरोबर ओळखलेत. इंडीकार मार्चमध्ये धावली, मोटोजीपी एप्रिलमध्ये आणि फॉर्म्युला वन नोव्हेंबरमध्ये. पण ऊन-थंडीने फेरीत सेकंद-दोन सेकंद इकडेतिकडे होतील. १४ आणि ३१ सेकंदांचे अंतर त्यातून भरून निघेल असे वाटत नाही.

पाना_पेचकस

काकांचा मुद्दा लाखमोलाचा आहे आणि भाऊंचे उत्तरही योग्य आहे. अंतर मोठे असेल तर हवामानाचा फरक त्यात बुडून जातो. अंतर अर्ध्या सेकंदाचे असेल तर काकांच्या आजोबांचाच नियम लावला पाहिजे. स्पा येथे पोर्शेने फॉर्म्युला वनला पाऊण सेकंदाने मागे टाकले, ते याच कारणाने जपून वाचावे. २०२० मध्ये हॅमिल्टनने तिथे १ मिनिट ४१.२५२ सेकंदांचा पोल मिळवला आणि पोर्शेची वेळ मागे पडली.

@वर्धाकाठ, इंडीकार १४ सेकंदांनी मागे राहिली म्हणून ती हिणकस गाडी ठरत नाही, हे मात्र मी तुमच्या बाजूने मांडतो. इंडियानापोलिसच्या अडीच मैलांच्या ट्रॅकवर १९९६ च्या पात्रता फेरीत आरी लुयेंडाइकने ताशी ३८२ किलोमीटर सरासरीने फेरी मारली. फॉर्म्युला वनच्या आवडत्या मोंझा ट्रॅकवर २०२० मध्ये हॅमिल्टनची पोलची सरासरी ताशी २६४.३६२ किलोमीटर होती. ट्रॅक बदलला की गाडीकडून मागितले जाणारे कामच बदलते.

दूरची_फेरी

मी पंचवीस वर्षांपासून मालट्रक चालवतो. धागा वाचून एक विचारावेसे वाटते. आमच्यासारख्या जड गाड्यांच्या शर्यती होतात का? आणि त्यात फेरीची वेळ कशी येते?

रानवाट_२१

@दूरची_फेरी काका, होतात. युरोपमध्ये पाच टनांच्या वरचे आणि हजार अश्वशक्तीहून जास्त ताकदीचे ट्रक ट्रॅकवर धावतात. त्यांचा वेग नियमानेच ताशी १६० किलोमीटरवर थांबवलेला असतो. एवढे वजन पुन्हा पुन्हा थांबवताना ब्रेक इतके तापतात, की त्यांवर पाणी फवारण्याची सोय केलेली असते. आपल्याकडे २०१४ मध्ये बुद्ध सर्किटवर टाटाच्या प्रायमा ट्रकांची शर्यत झाली होती. तिथे वेगाची कमाल सगळ्यांना सारखीच, त्यामुळे फेरीतला फरक केवळ वळण आणि ब्रेक यांतूनच निघतो. सरळ पट्टा हिशेबातून जवळजवळ वजा होतो.

दूरची_फेरी

पाणी फवारतात हे वाचून फार बरे वाटले. घाट उतरताना ब्रेक तापल्याचा वास एकदा नाकात बसला की तो जन्मभर विसरता येत नाही. ब्रेकवरचे सरांचे लिखाण मी दोनदा वाचले.

कपाशीचं_बोंड

सर्वांचे मनापासून आभार. गेल्या रविवारी आम्ही एक प्रयोग केला, तो सांगतो.

जिल्हा परिषदेच्या शाळेच्या मैदानावर, मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन, कबड्डीच्या मैदानाला वापरतात त्या फक्कीने दीडशे मीटरची एक फेरी आखली. तिच्यात चार आवळ वळणे ठेवली. पुतण्या सायकलवर आणि मी हेल्मेट घालून शंभर सीसीच्या मोटरसायकलवर. सायकलला ३४ सेकंद लागले, मोटरसायकलला २९. पुतण्याला हा फरक इतका कमी वाटला, की त्याने घड्याळ बिघडल्याची शंका घेतली आणि दोन्ही फेऱ्या पुन्हा मोजायला लावल्या. नंतर मैदानाच्या कडेने चारशे मीटरची, मोठ्या वळणांची फेरी आखली. तिथे सायकल ७३ सेकंद आणि मोटरसायकल ४२. गाड्या त्याच, माणसे तीच, सकाळ तीच. फेरी बदलली आणि ५ सेकंदांचे ३१ झाले.

एक चूक झाली, तीही सांगतो. एका वळणात फक्की जरा जास्त पडली होती. त्यावरून जाताना मोटरसायकलचे मागचे चाक वीतभर सरकले. वेग कमी होता म्हणून पाय टेकवून सावरलो. त्यानंतर फक्कीची रेघ वळणाच्या आतल्या बाजूला दोन हात सरकवली आणि त्या पांढऱ्या जागेवर माती टाकून ती दाबून घेतली.

पुतण्याचा आता नवा प्रश्न आहे, आणि तो मला मूळ प्रश्नाहून चांगला वाटतो. फॉर्म्युला वनच्या गाडीला मोटरसायकल हरवील अशी फेरी आखता येईल का?

पाना_पेचकस

पुतण्याला शाबासकी सांगा. वळणे अतिशय हळू ठेवावी लागतील म्हणजे पंखांना काम उरणार नाही, आणि मधले सरळ पट्टे इतके आखूड ठेवावे लागतील, की कोणालाच जोराचा ब्रेक लावावा लागणार नाही. त्यातही रस्ता गाडीच्या रुंदीएवढाच ठेवला, तर गाडीला वळणाची रेषा निवडता येणार नाही आणि मोटरसायकलला येईल. माझ्या मते तिथे बरोबरी होऊ शकते. पुढच्या वेळी पूर्ण फेरीबरोबर एकेका वळणाची वेळ वेगळी घ्या. वळणाच्या तोंडाशी एक आणि शेवटाला एक, अशी दोन पोरे घड्याळ घेऊन उभी करा.

वर्धाकाठ

अशी फेरी आखलीत तर आकडे इथे जरूर टाका. तुलना चुकीची आहे हे माझे म्हणणे मी थोडे बदलतो : फेरी कशी आखली आहे ते सोबत लिहिले, तर तुलनेला माझी हरकत नाही.

कपाशीचं_बोंड

येत्या रविवारी हरभऱ्याला पाणी द्यायचे आहे, त्या भागात दिवसाची वीज त्याच दिवशी असते. त्याच्या पुढच्या रविवारी मैदान मिळाले आहे. संत्रीबाग काका, आपण आलात तर सकाळी दव उतरल्यावर मैदान पाहून कधी सुरू करायचे ते आपणच ठरवावे.

संत्रीबाग

येतो. टेप आणि आजोबांचे जुने घड्याळ सोबत आणतो.